स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा: आठ महिने वापरून लिहितोय

सोलापुरात साखर पेठेत माझं एकतीस वर्षं किराणा दुकान होतं. आधी वडिलांचा पितळी पारड्यांचा ताजवा, मग गल्ल्याशेजारचा काउंटर काटा आणि शेवटची काही वर्षं लाल आकड्यांचा इलेक्ट्रॉनिक. आता दुकान नाही. मुलगा गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे, त्याला दुकानात रस नव्हता आणि मीही आग्रह धरला नाही. पण काटा हातातून गेला तरी डोक्यातून जात नाही. म्हणून गेल्या सप्टेंबरात नव्या पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानातून ३९९ रुपयांना आणलेल्या या छोट्या काट्याबद्दल सविस्तर लिहितोय. घ्यावा की नाही असा विचार करणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

आधी घेतला का ते सांगतो. गणपती उठल्यावर दोन-चार दिवसांतच होम मैदानावर सकाळी चालताना डोळ्यांपुढे अंधारी आली. कुणीतरी बाकावर बसवलं, पाणी दिलं. दवाखान्यात रक्तदाब १६४/९८ निघाला आणि तीन महिन्यांची सरासरी साखर ७.९. माझं वय चौसष्ट. डॉक्टर बाई समजूतदार. त्या म्हणाल्या, "काका, गोळ्या मी देते. खाण्यातलं सगळं बंद करायला सांगत नाही, मापात घ्या. मीठ माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा." जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली मर्यादाही हीच आहे.

"कमी खा, जपून खा" हे ऐकून माझ्यासारख्याला काही कळत नाही. पण ग्रॅममध्ये सांगितलं की कळतं. रिक्षात बसल्या बसल्या मी हिशोब केला. आमच्या घरात पाच माणसं: आम्ही दोघं, मुलगा, सूनबाई आणि सात वर्षांचा नातू. मिठाचा किलोचा पुडा साधारण वीस दिवसांत संपतो. म्हणजे रोज पन्नास ग्रॅम, माणशी दहा. सांगितलेल्याच्या बरोबर दुप्पट, आणि यात बाहेरची भजी, फरसाण, चिवडा धरलेलाच नाही. एकतीस वर्षं मी गिऱ्हाइकांच्या वहीत मीठ लिहीत आलो, पण माझ्या घरच्या पुड्याचा असा भागाकार कधी केला नव्हता.

दुकानातला जुना काटा माळ्यावर होता, तोच का नाही वापरला असं मुलानं विचारलं. तो तीस किलोचा. तसले काटे पाच-पाच ग्रॅमच्या टप्प्यानं वाचतात आणि शंभर ग्रॅमच्या खाली त्यांच्यावर भरवसा ठेवायचा नसतो. पोतं तोलणाऱ्या काट्यावर चिमूट तोलता येत नाही. म्हणून हा घेतला.

वस्तू अशी आहे: पांढरं प्लास्टिक, वर गोल तबकडी, पुढे छोटा पडदा, दोन बटणं. एक चालू-बंदचं, दुसरं भांड्याचं वजन वजा करून शून्य करायचं. दहा किलोपर्यंत तोलतो, एका ग्रॅमच्या टप्प्यानं. दोन पेन्सिल सेल लागतात. आतली करामत दुकानातल्या काट्यासारखीच. धातूची एक पट्टी असते, वजन पडलं की ती डोळ्याला दिसणार नाही इतकी वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या तारेचा विजेला होणारा अडथळा बदलतो आणि त्यावरून आकडा निघतो. हे मला आमच्याकडे काटा दुरुस्तीला येणाऱ्या कारागिरानं एकदा उघडून दाखवलं होतं. त्यामुळे तबकडीवर जोरात काही आपटायचं नाही आणि काटा भांड्यांच्या ढिगाखाली ठेवायचा नाही. पट्टी एकदा कायमची वाकली की शून्य खोटं होतं.

घरी आणल्यावर पहिलं काम तपासणीचं. दहा रुपयांचं नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं. दहा नाणी ठेवली, ७७ आले. अर्धा लिटर दुधाची पिशवी ठेवली, ५१८ दाखवले. सूनबाई म्हणाली, "मामा, अठरा जास्त दाखवतोय." पण ते बरोबर होतं. दूध पाण्यापेक्षा थोडं जड असतं, अर्धा लिटर दूध पाचशे पंधराच्या आसपास भरतं, वर पिशवीचे दोन-तीन. मग तबकडीच्या चारही कडांना तेच वजन सरकवून बघितलं. अगदी काठावर एखाद्या ग्रॅमचा फरक पडतो, मध्यभागी ठेवलं तर नाही. या किमतीला मला यापेक्षा जास्त अपेक्षा नव्हती.

आता तक्रारी. मोठं ताट ठेवलं की त्याच्या काठाखाली पडदा झाकला जातो आणि आकडा दिसतच नाही. त्यावर उपाय म्हणजे तबकडीवर आधी एक वाटी पालथी घालायची, तिच्यावर ताट, मग शून्याचं बटण. दुसरं, आमचा ओटा जुन्या शहाबादी फरशीचा, एका बाजूला उतार. तिथे काटा डुलतो. मी त्याच्यासाठी एक सपाट पाट ठेवलाय. पंखा फुल असला की आकडा एक-दोन ग्रॅम नाचतो, आणि एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पंखा बंद करा असं कुणाला सांगता येत नाही. दोन मिनिटं हात लावला नाही तर आपोआप बंद पडतो. कणीक मळता मळता पाणी मोजायचं असेल तर याचा त्रास होतो. खोक्यात आलेले सेल दोन महिन्यांत गेले, नंतरचे चांगल्या कंपनीचे अजून चालताहेत.

सगळ्यात महत्त्वाचा दोष मात्र खोक्यावर लिहिलेला नाही. वाटी ठेवून शून्य करा आणि चिमटीनं हळूहळू मीठ टाकत जा, आकडा हलत नाही. तीन-चार चिमट्या गेल्या तरी शून्यच. मला वाटलं नग बिघडलेला आहे. मग लक्षात आलं. शून्याजवळचा बारीक फरक धूळ-वारा समजून काटा स्वतःच गिळून टाकतो, म्हणजे आकडा उगाच नाचत नाही. नेमकं मिठाच्या बाबतीत हे फसवं आहे. म्हणून मी सुटी चिमूट मोजतच नाही. सकाळी दिवसाचं मीठ एकदम चमच्यानं वाटीत काढतो, आणि सूनबाई दिवसभर त्याच वाटीतून घालते. संध्याकाळी वाटीत उरलं तर उरलं, संपलं तर पुड्याला हात लावायचा नाही. वीस-बावीस ग्रॅमपासून सुरुवात केली. लोणचं, पापड, चटणी यांतलं धरून आता किलोचा पुडा महिन्याला जातो. म्हणजे माणशी साडेसहाच्या आसपास. पाचापर्यंत अजून आलो नाही, पण दहावरून साडेसहावर आलोय. पहिले पंधरा दिवस आमटी अळणी लागली. तिसऱ्या आठवड्यात एका लग्नात जेवलो तर तिथलं वांग्याचं भरीत मला खारट लागलं, बाकीचे सगळे मिटक्या मारत होते.

साखरेचं फार सांगण्यासारखं नाही. चहातली साखर मी पूर्ण थांबवली. काही गोष्टी मोजण्यापेक्षा सोडायला सोप्या जातात, माझ्यासाठी चहातली साखर त्यांतली एक.

शेंगाचटणीचं मात्र तसं नव्हतं. सोलापूरच्या माणसाला शेंगाचटणी सोडायला सांगणं म्हणजे काय, हे इथल्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या घरी ती अजून उखळातच कुटतात. भाजलेले दाणे, लसूण, जिरं, लाल तिखट, मीठ. मुसळ पडत राहतं आणि दाण्यांतून तेल सुटत जातं, शेवटी चटणीची ढेकळं तळहातावर चमकतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीची गरम भाकरी, तिच्यावर चटणी, चटणीत बोटानं आळं करून वरून तेल. माझ्या वडिलांनी असंच खाल्लं, मीही असंच.

एके दिवशी मी ठरवलं की काही बदल न करता नेहमीसारखं वाढून घ्यायचं आणि नुसतं बघायचं. ताट काट्यावर ठेवलं. एका भाकरीला आमच्याकडे पंचाहत्तर ग्रॅम पीठ लागतं, ते आधीच तोललं होतं. दोन भाकरी घेतल्या. शून्य केलं. चटणी घेतली: ५८ ग्रॅम. शून्य केलं. तेल घेतलं: १२ ग्रॅम. मग बसून हिशोब केला. ज्वारीच्या एका भाकरीचे अडीचशेच्या आसपास उष्मांक. दाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं, त्यामुळे तेवढ्या चटणीचे तीनशेच्या घरात. तेलाचे ग्रॅमला नऊ, म्हणजे एकशे आठ. ज्याला आपण तोंडी लावणं म्हणतो ते माझ्या ताटात दीड भाकरीएवढं होतं. शिवाय अर्ध्या किलो दाण्याला आमच्याकडे अठरा ग्रॅम मीठ पडतं, त्या हिशोबानं नुसत्या चटणीतून जवळजवळ दोन ग्रॅम मीठ एका जेवणात.

त्या दिवशी जेवताना माझं लक्ष माझ्या हाताकडे गेलं, आणि जे दिसलं त्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलंय. किराणावाल्याचा हात कसा असतो सांगतो. ताजव्याचा काटा मधोमध येऊन थांबला, माप पूर्ण झालं, की तो हात परत पोत्यात जातो आणि वर थोडं घालतो. चार दाणे तुरीचे, चिमूटभर साखर. गिऱ्हाईक त्याचीच वाट बघत उभं असतं. त्यावर दुकान चालतं. माझ्या हाताला ते इतकं मुरलंय की चटणीचा चमचा ताटात पडला की हात न विचारता परत भांड्याकडे जातो. अठ्ठावन्न ग्रॅमपैकी चाळीसेक ग्रॅम मी भुकेनं घेतले होते, बाकीचे त्या "वर थोडं" मधले. तेलाचंही तसंच. धार थांबवतो आणि परत एकदा भांडं वाकडं करतो.

मला यात लाज वाटली नाही. उलट फार मोकळं वाटलं. इतके दिवस मी समजत होतो की माझी जीभ अनावर आहे. जिभेला कसं आवरणार? पण सवय हाताची असेल तर हाताला शिकवता येतं, मी दुकानात किती पोरांचे हात शिकवले. दीड महिना रोज चटणी काट्यावर घेतली. वीस ग्रॅम, आणि वरून तेल नाही, उखळात सुटलेलंच पुरे. आता न तोलता घेतो आणि मग मुद्दाम तोलून बघतो, अठरा ते बावीसच्या मध्ये येतं. माप हाताला बसलं. चटणी रोज खातो, आणि आता लसूण वेगळा कळतो, जिरं वेगळं कळतं.

इथे एक चूक माझ्याकडून झाली, तीही लिहिली पाहिजे. काटा इतका आवडला की मी सगळ्यांचंच तोलायला लागलो. सूनबाईची भाकरी, मुलाचा डबा, हिच्या भाजीतलं तेल. दिवाळीत चकलीचं वजन करून मी डब्यावर आकडे चिकटवले. ही दोनदा म्हणाली, "दुकान बंद केलंत ना? मग घरात कशाला मांडताय?" मी ऐकलं नाही. शेजारचे एक जुने मित्र, यंत्रमागावर आयुष्य काढलेले, दारातूनच म्हणाले, "हे काय करलालाव शेठ?" त्यांनाही मी ग्रॅम समजावून सांगितले.

मग संक्रांत आली. गड्ड्याचे, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेचे दिवस. भोगीला अक्षता सोहळ्याला, म्हणजे यात्रेतल्या प्रतीकात्मक लग्नाला, जायचं म्हणून घरात सगळे पांढऱ्या कपड्यांत तयार. हिनं तिळगुळाचा डबा उघडला आणि नातवापुढे धरला. तो डबा बघत राहिला, हात पुढे केला नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "आजोबा, मी किती ग्रॅम खाऊ?"

सात वर्षांचं लेकरू, ज्याच्या अंगावर मांस नाही, दिवसभर उड्या मारतं. ते सणाच्या दिवशी तिळाच्या लाडवाला हात लावायला घाबरतंय, आणि ही भीती मी घातलेली. मी त्याला दोन्ही मुठी भरून लाडू दिले. सूनबाई काही बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून मला समजलं की तिनं हे बरेच दिवस बघितलं होतं. काटा मी कपाटात टाकला आणि आम्ही निघालो.

त्या दिवशी नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, बघताना मी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबलो. सातही काठ्या लहानपणापासून बघतोय. बाराबंदी घातलेला मानकरी कमरेच्या आधारावर तेवढी उंच काठी पेलून चालतो, आणि वरचं टोक जिकडे झुकेल तिकडे त्याचं पाऊल आधी जातं. एका जागी ताठ उभा राहिला तर काठी पेलणार नाही. बाजूचे हात तयार ठेवून चालत असतात. नातू माझ्या खांद्यावर होता. नंतर गड्ड्यात त्यानं भजी खाल्ली, मीही दोन खाल्ली, आणि तेवढ्यावर थांबलो.

संक्रांतीनंतर घरात नियम केला: काट्यावर फक्त माझं ताट आणि दिवसाचं मीठ. दुसऱ्याच्या ताटाकडे बघायचं नाही. सूनबाई आता स्वतःहून काटा घेते, केकला नाहीतर पुण्याला नणंदेकडे पाठवायच्या कडक भाकरी आणि चटणीच्या पार्सलला. तिला तो आवडतो कारण तो आता कुणी तिच्यावर उगारत नाही.

अजून एक गोष्ट मनात आहे. माझ्या दुकानात विडी वळणाऱ्या बायका यायच्या. रोजची मजुरी, रोजचा बाजार. दहा रुपयांचं तेल बाटलीच्या तळाला, पावशेर तांदूळ, मुठीत मावेल एवढी डाळ. त्यांच्या ताटातलं तेल कधीच जास्त नव्हतं, पण ते त्यांनी ठरवलेलं माप नव्हतं, पैशानं ठरवलेलं होतं. मी तोलून झाल्यावर वर थोडं घालायचो ते त्यांच्यासाठी, आणि ते मी आजही घातलं असतं. म्हणून हा काटा सगळ्यांनी घ्या असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरात भरपूर आहे, ज्यांचं भांडं झाकण उघडलं की काठोकाठ दिसतं, त्यांच्यासाठी हा काटा आहे. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तर आम्ही पाणी कळशीनं मोजून वापरतो, थेंब सांडला तर चिडतो. तेलाचा डबा भरलेला असला की मात्र धार सोडून देतो.

गुण काय आला तेही सांगतो. मार्चमध्ये तपासणी केली. रक्तदाब १३८/८६, तीन महिन्यांची साखर ७.१. डॉक्टर बाई म्हणाल्या त्यात गोळ्या आहेत, रोजचं चालणं आहे, खाणंही आहे. सगळं श्रेय काट्याला द्यायचं कारण नाही. गोळ्या त्यांनी कमी केलेल्या नाहीत आणि मी स्वतःच्या मनानं कमी करणार नाही.

घ्यायचा असेल तर काही गोष्टी. फक्त मिठासाठी हवा असेल तर काटा घेऊच नका, मापाच्या चमच्यांचा संच त्याहून बराच स्वस्त मिळतो. त्यातला पाच मिलीचा सपाट चमचा बारीक मिठानं भरला की सहा ग्रॅमच्या आसपास भरतो. घरातल्या चमच्यावर जाऊ नका, आमच्याकडच्या तीन चमच्यांत तीन वेगळी मापं निघाली. घरी चटणी, कडक भाकरी करून विकणाऱ्या भगिनींनी हा काटा धंद्याला वापरू नये. यावर वैधमापन खात्याचा शिक्का नसतो. विकायला तोलायचं तर शिक्क्याचाच काटा लागतो आणि इलेक्ट्रॉनिक असेल तर दर वर्षी तपासून घ्यावा लागतो. वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा, उन्हाळ्यात गळतात. माझा काटा आता आठवड्यातून एकदा, रविवारी बाहेर निघतो, हात जागेवर आहे का बघायला.

आणि दुकानात खोकं उघडायला लावा. जाताना खिशात दहा रुपयांची दहा नाणी न्या. तबकडीच्या मधोमध ठेवा, पंखा बंद करायला सांगा. ७७ किंवा ७८ दिसलं तर पैसे द्या. ऐंशी दाखवत असेल तर दुसरा नग मागा.